मोठीने आधी म्हणायचं असतं

१७ सप्टेंबर २०१६

पाठवलं एकदाचं. सकाळपासून पहिल्या ओळीपाशीच घोडं अडलं होतं. बाकीचं पत्र गेल्या आठवड्यातच लिहून तयार होतं. माझा सगळा जन्म एका जहाज कंपनीच्या कचेरीत पत्रं लिहिण्यात गेला. विमेवाले, बंदराचे अधिकारी, माल हरवला म्हणून भांडणारे व्यापारी, कुणाला कोणता मायना लावायचा हे मला झोपेतही सांगता येतं. पण स्वतःच्या बहिणीला, जिला जन्मात कधी पाहिलेलं नाही, तिला काय लिहायचं?

पप्पा मे महिन्यात गेले. शेवटच्या दिवसांत ते अर्धे इथे, अर्धे भलतीकडेच असायचे. एका सकाळी मी त्यांचे पाय पुसत होते तेव्हा स्वच्छ आवाजात म्हणाले, "विस्मारला तुझी एक बहीण आहे. गेझिने. तुझ्या आईच्या आधीची गोष्ट आहे ती." मग खिडकीकडे बघत राहिले. मी दुसरा पाय पुसायला घेतला. आमच्या घरात विचारायची पद्धत नव्हती.

खालच्या मजल्यावरच्या टेल्झेने इंटरनेटवर शोधून काढलं. गेझिने पागेल्स, विस्मार बंदर, शिडं आणि ताडपत्र्या शिवण्याचं दुकान. खाली फोटो आणि ईमेलचा पत्ता. फोटोत पप्पांचं नाक होतं, त्यामुळे प्रश्नच उरला नाही. इथून, ल्युबेकहून, गाडीने दीड-दोन तासांचा रस्ता. अर्धं आयुष्य मधे देशाचे दोन तुकडे करणारी सीमा होती, न भेटायला ते एक बरं कारण होतं. सीमा जाऊनही आता कितीतरी वर्षं झाली.

शेवटी लिहिलं: "अतिशय सन्माननीय पागेल्सबाई,"

टेल्झे आलुबुखाराचा केक घेऊन आली होती, तिने खांद्यावरून वाचलं. "अल्मुट! बहीण आहे ना ती? का गॅसचं बिल पाठवतेयस तिला?"

"मग काय लिहू? ओळख ना पाळख, आणि एकदम 'प्रिय गेझिने, तू कशी आहेस'? ती माझ्याहून मोठी आहे. 'तू' म्हणायचं की नाही ते मोठीने ठरवायचं असतं."

"तिने ठरवेपर्यंत तुम्ही दोघी मरून जाल."

टेल्झे अख्ख्या गल्लीला, पोस्टमनला, दाताच्या डॉक्टरलासुद्धा 'तू' म्हणते. मला ते जमत नाही. लहानाने आपण होऊन 'तू' म्हणणं म्हणजे दार न वाजवता कुणाच्या झोपायच्या खोलीत शिरण्यासारखं आहे.

केक छान होता. मी एकुलती एक नाही, हे वाक्य दिवसभर मनात म्हणून पाहिलं. मूल नाही, नवरा कधीच सोडून गेला, ब्रेनेके हे त्याचं आडनाव तेवढं राहिलं. पप्पाही गेले. आता या जगात माझं म्हणावं असं एकच माणूस असेल तर ते विस्मारला आहे, आणि मला ते हवं आहे. लिहून ठेवते, नाहीतर उद्या नाही म्हणेन.

२६ सप्टेंबर

उत्तर नाही.

सोमवारचा वर्ग. नव्याने या देशात आलेल्यांना मी पत्र लिहायला शिकवते. आज फळ्यावर मायन्यांचा जिना काढला. सगळ्यात वर 'अतिशय सन्माननीय', त्याखाली 'शुभ दिन', मग 'प्रिय बाई' आणि आडनाव, आणि तळाला 'प्रिय' आणि नुसतं नाव. जितकं खाली उतराल तितकी ऊब जास्त. समोरचा ज्या पायरीवर उभा असेल तिथेच आपण उभं राहायचं, उगीच पुढे पळायचं नाही.

गोलशानीसाहेब इराणात दातांचे डॉक्टर होते. ते म्हणाले, "बाई, आमच्याकडे साध्या पत्राच्या शेवटीसुद्धा 'तुमच्यावरून जीव ओवाळून टाकतो' असं लिहितात. इथे काय लिहायचं?"

"मैत्रीपूर्ण शुभेच्छांसह."

"बस्स?"

"घाईत असाल तर नुसतं मै. शु. लिहिलं तरी चालतं."

ते इतके हिरमुसले की सगळा वर्ग हसला. मग त्यांनी विचारलं की 'तुम्ही'वरून 'तू'वर यायचं ते कसं. मी सांगितलं, फार सोपं आहे. वयाने मोठं माणूस समोर उभं राहतं, हात पुढे करतं आणि फक्त आपलं नाव सांगतं. 'मी अल्मुट.' दुसऱ्याने आपलं नाव सांगायचं. झालं. पुढे जन्मभर 'तू'. परत घेता येत नाही.

"आणि मोठं माणूस बोललंच नाही तर?"

"तर वाट बघायची," मी म्हणाले.

२९ सप्टेंबर

आलं! उत्तर आलं. जसंच्या तसं उतरवून ठेवते.

"अतिशय सन्माननीय ब्रेनेकेबाई, तुमचं पत्र मी दुकानात कापडाच्या गठ्ठ्यावर बसून वाचलं. तुमच्या वडिलांच्या जाण्याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. तुम्ही आपण होऊन लिहिलंत हे तुमचं मोठेपण. पुढे कसं आणि किती लिहायचं ते तुम्हीच ठरवावं. माझी अपेक्षा नाही, आणि हक्कही नाही. मैत्रीपूर्ण शुभेच्छांसह, गेझिने पागेल्स."

तुमच्या वडिलांच्या. आपल्या नव्हे. हा एक शब्द दिवसभर टोचत राहिला. आणि 'तुम्हीच ठरवावं' म्हणजे काय? दार लावून आत बसली आहे, आणि मी बाहेर पायपुसण्यावर. मोठ्या बहिणी अशाच असतात म्हणे.

दुपारी खुर्चीत डोळा लागला. ओहोटीच्या ओल्या वाळूवर ती माझ्यापुढे चालली होती, उंच, पप्पांचा करडा कोट घालून, पाठमोरी. मी कोटाचं टोक धरायला धावत होते आणि माझे पाय लहान मुलीचे होते. जाग आली तेव्हा नदीवर धुकं उतरलं होतं आणि पलीकडची गोदामं दिसेनाशी झाली होती. बराच वेळ मी खुर्चीतून उठले नाही. बहीण असलेल्या बाईला अशी स्वप्नं पडत असतील, असं वाटून बरं वाटत होतं.

२३ ऑक्टोबर

आम्ही एक पायरी उतरलो. तिच्या कालच्या पत्रात 'शुभ दिन, ब्रेनेकेबाई' होतं. मीही आज 'शुभ दिन, पागेल्सबाई' लिहिलं. टेल्झे म्हणते, आमचं हे म्हणजे दोन गोगलगायींचं लग्न आहे.

मी पहिल्यांदाच काहीतरी घरगुती लिहिलं. पप्पांच्या कपाटात माझा शाळेच्या पहिल्या दिवसाचा फोटो सापडला. हातात त्या दिवशी प्रत्येक मुलाला देतात तो खाऊने भरलेला कागदी शंकू, माझ्याहून उंच, आणि तोंड रडवेलं. त्याच वर्षी उन्हाळ्यात बर्लिनमध्ये भिंत उभी राहिली, म्हणून ते वर्ष पक्कं लक्षात आहे. हे सगळं तिला लिहिलं. पाठवून झाल्यावर वाटलं, जास्तच झालं.

२ नोव्हेंबर

जास्त झालं नव्हतं. तिने लिहिलं आहे:

"माझा शंकू आईने जुन्या शिडाच्या कापडाचा शिवला होता, कारण दुकानात चांगला कागद मिळत नव्हता. भिंत उभी राहून तेव्हा दोन वर्षं झाली होती. शंकूच्या तळाशी पश्चिमेकडच्या चॉकलेटची एक वडी होती. कुणी पाठवली ते आईने सांगितलं नाही. मी तिचा कागद अजून ठेवला आहे."

आणि शेवटी 'मैत्रीपूर्ण' नाही, 'मनःपूर्वक शुभेच्छा'! मी खाली जाऊन टेल्झेला दाखवलं. तिने दोनदा वाचलं आणि माझ्याकडे विचित्र नजरेने बघत म्हणाली, "अल्मुट, ती नक्की मोठी आहे ना?"

"पप्पांनी सांगितलंय," मी म्हणाले. टेल्झेला कशातही खुसपट काढायची सवयच आहे. मी पुन्हा वर येऊन 'मनःपूर्वक' वाचत बसले.

१९ नोव्हेंबर

माझा वाढदिवस. सकाळी संगणक उघडला तर तिचं पत्र! चार ओळी, नीटनेटक्या. मी तारीख तिला कधीच सांगितलेली नाही. पप्पांनीच कधीतरी कळवली असणार. म्हणजे ते तिला लिहीत होते का? तिला माझी तारीख माहीत, आणि मला तिची माहीत नाही. विचारायचं धाडस नाही. तारीख विचारली की वर्ष येतं, आणि मोठ्या बाईला वय कसं विचारायचं?

४ डिसेंबर

नाताळाआधीच्या दुसऱ्या रविवारची मेणबत्ती लावली. पहिलं दव गोठलं, म्हणून टेल्झेने कुरळ्या कोबीची भाजी आणि सॉसेज केलं होतं. पोट जड, खिडकीला वाफ, सगळं घर तरंगत असल्यासारखं. अशा वेळी तिचं पत्र आलं.

"प्रिय ब्रेनेकेबाई,"

प्रिय! पुढचं दहा मिनिटं वाचलंच नाही. मी 'प्रिय पागेल्सबाई' लिहिलं आणि चार वेळा तपासलं. किती बावळट बाई आहे मी. आता एकच पायरी उरली आहे. ती शेवटची पायरी मात्र तिनेच उतरायची. मी तिथे हात जोडून उभी आहे.

तिच्या पत्रात एक वाक्य होतं, ते नीट कळलं नाही: "इथे थंडीत शिडं शिवून घ्यायला कुणी येत नाही. मी खिडकीशी बसून वाट बघते. लहानपणापासून तीच सवय आहे." वाट कुणाची? गिऱ्हाईकाची असेल.

८ जानेवारी २०१७

नाताळ गेला, नवं वर्ष आलं, 'तू' आला नाही.

मला खात्री होती, नव्या वर्षाच्या पत्रात तो येणार. मी त्या दिवशी केससुद्धा विंचरून संगणकासमोर बसले होते. पत्र आलं, मायना तोच, आत सगळीकडे 'तुम्ही'. तिला मी नको आहे. सभ्य आहे म्हणून उत्तरं देते, एवढंच. मोठ्या माणसाने इतके दिवस 'तू' दिला नाही याचा अर्थ न कळायला मी काही कालची पोर नाही.

मी उत्तर देणार नाही. टेल्झे म्हणाली, "मग तूच म्हण ना! काय होईल? पोलीस येतील?" मी तिला म्हटलं, तुला नाही कळायचं. ती चिडून निघून गेली. भांडी तशीच पडली आहेत.

स्वप्नात ती अजून पुढेच चालते. आता मी धावत नाही.

२९ जानेवारी

तीन आठवडे मी लिहिलं नव्हतं. आज तिचं आलं. एक पायरी मागे गेली आहे.

"शुभ दिन, ब्रेनेकेबाई, माझ्याकडून काही आगळीक झाली असेल तर माफ करा. 'प्रिय' लिहायची घाई मी केली, ते तुमच्यावर सोडायला हवं होतं. एक विचारू का? ११ मार्चला माझा वाढदिवस आहे. साठावा. दुकानातच चार माणसं, सूप आणि केक. तुम्ही आलात तर मला फार आनंद होईल. नाही आलात तरी मी समजून घेईन."

साठावा.

मी ते पाचसहा वेळा वाचलं. मग स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले आणि परत येऊन वाचलं. मी बासष्ट वर्षांची आहे.

३० जानेवारी

वर्गाला गेले नाही.

तर असं आहे. ती मोठी नाही, मी मोठी आहे. 'तुझ्या आईच्या आधीची गोष्ट' हे पप्पांचं शेवटचं खोटं. मी घरात नुकती बोलायला शिकत होते, आई माझे लंगोट धूत होती, आणि ते दर महिन्याला विस्मारला आजारी आजीला बघायला जात होते. आजीच्या दुखण्याबद्दल आई किती हळहळायची! दर वेळी जाताना केक बांधून द्यायची. पप्पा, तुमची लाज वाटते मला. मेल्यावर माणसावर ओरडता येत नाही हे फार वाईट आहे.

आणि तिला सगळं माहीत होतं. दुसऱ्या बाईची मुलगी म्हणून ती पायपुसण्यावर उभी होती, आणि मी समजत होते की मी उभी आहे. 'तुम्हीच ठरवावं', 'हक्कही नाही', 'तुमच्या वडिलांच्या'. ती रीतीप्रमाणे वागत होती. धाकटीने वाट बघायची असते, तशी बघत होती. सोमवारच्या वर्गात मी हेच शिकवते.

१२ फेब्रुवारी

जाणार नाही, असं दहा दिवस ठरवत होते. तिला भेटणं म्हणजे आईच्या पाठीमागे पप्पांच्या बाजूने उभं राहणं, असं वाटत होतं. आज टेल्झेकडे गेले. महिनाभराचा अबोला होता. तिने दार उघडलं आणि बटाट्याचं सूप वाढलं. मी सगळं सांगितलं.

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "त्या शंकूच्या वेळीच."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते. तू 'मनःपूर्वक' कुरवाळत होतीस." मग म्हणाली, "तुझी आई गेली, तिची आई गेली, तो म्हातारा गेला. कुणासाठी रागावून बसणार आहेस आता? त्या पोरीने काय केलं होतं? जन्माला आली, एवढंच ना?"

त्या पोरीने. साठीच्या बाईला टेल्झे पोर म्हणाली. माझी धाकटी बहीण. मी हे शब्द आधी कधी म्हटलेच नव्हते. घरी येताना जिन्यात मोठ्याने म्हणून पाहिले.

उत्तर लिहायला बसले. पत्रातच 'तू' लिहून टाकावं असं बोटांच्या टोकापर्यंत आलं होतं. पण तो असा पत्रातून पाठवायचा नसतो, समोर उभं राहून द्यायचा असतो. आणि वाढदिवसाच्या शुभेच्छाही दिवस उगवायच्या आधी दिल्या तर अपशकुन होतो. म्हणजे जे सांगायचं आहे ते सगळंच ११ मार्चला. म्हणून फक्त इतकं लिहिलं: "प्रिय पागेल्सबाई, येते. सकाळच्या गाडीने. मनःपूर्वक, अल्मुट ब्रेनेके." शेवटचं 'तुम्ही'चं पत्र. देवा, शेवटचंच असू दे.

१० मार्च

स्वप्न पडलं. तीच ओली वाळू, तेच धुकं. समोर कुणीच नव्हतं. मी मागे वळून पाहिलं, तर लांबवर एक लहान मुलगी शिडाच्या कापडाचा शंकू घेऊन माझ्या पावलांत पावलं टाकत येत होती. मी थांबले. ती जवळ यायच्या आत जाग आली.

केक भाजला आहे. आई जो विस्मारला बांधून द्यायची, तोच. खूप विचार करून भाजला.

११ मार्च

परतीच्या गाडीत लिहिते आहे, अक्षर हलतं आहे. बाहेर शेतांवर धुकं आहे आणि सगळं अजून खरं वाटत नाही.

विस्मारला उतरले तेव्हा फलाटावर वारा नुसता कापत होता. ती एकटीच टोकाला उभी होती. लहानखुरी आहे! फोटोत कळलं नव्हतं. माझ्या खांद्याला लागते. केस पांढरे, कान थंडीने लाल, आणि ते नाक. ती दोन पावलं पुढे आली आणि थांबली. हात पुढे केला नाही. रीत तिला पाठ होती.

"शुभ दिन, ब्रेनेकेबाई," ती म्हणाली. "प्रवास ठीक झाला ना तुमचा?"

गाडीत मी एक लांबलचक वाक्य तयार केलं होतं, शुभेच्छा, क्षमा, सगळं त्यात होतं. त्यातलं एक अक्षर आठवलं नाही. मी केकचा डबा डाव्या हातात घेतला आणि उजवा पुढे केला.

"मी अल्मुट," मी म्हणाले.

तिने हात धरला पण आपलं नाव सांगितलं नाही. मला वाटलं, उशीर झाला.

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "मी एवढीशी होते तेव्हापासून. आई सांगायची, तिकडे तुझी मोठी बहीण आहे, अल्मुट. सीमा उघडली त्या आठवड्यात मी ल्युबेकला आले होते. दारावरचं नाव वाचलं. घंटी नाही वाजवली. म्हटलं, आधी तिने बोलवायला हवं." मग तिने घसा साफ केला, शाळेतल्या मुलीसारखी ताठ उभी राहिली आणि म्हणाली, "मी गेझिने."

आता मोठीने काहीतरी शोभेसं बोलायला हवं होतं. पण माझं लक्ष तिच्या लाल कानांकडे होतं.

"टोपी कुठे आहे तुझी?" मी म्हणाले. "या असल्या वाऱ्यात? कधीची उभी आहेस तू इथे?"

ती रडायला लागली, आणि रडता रडताच हसून म्हणाली, "घरी विसरले. तू रागावशील हे ठाऊक असतं तर घालून आले असते."

मी माझी टोपी काढून तिच्या डोक्यावर घातली आणि कानांवरून खाली ओढली. तिला ती थोडी मोठी झाली.